लिस्बनमध्ये हरवलेला मामा: प्रवासवर्णनात पुरावा कसा लपवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण लिहीत असलेल्या रहस्यकादंबरीची नायिका पुण्याची प्रवासलेखिका आहे. तिच्या आईचा धाकटा भाऊ शंकर हा फोंडा तालुक्यातला. तो १९६० साली शिक्षणासाठी लिस्बनला गेला आणि गोवा मुक्त झाल्यावरही परतला नाही. लंडनमधल्या एका ओळखीच्या कुटुंबामार्फत त्याची पत्रे येत राहिली आणि १९७४ नंतर तीही थांबली. पुढे बऱ्याच वर्षांनी भाची त्याला शोधायला लिस्बनला जाते. ज्यांनी हस्तलिखित वाचले, त्यांनी शहराच्या वर्णनाची स्तुती केली, परंतु शंभरएक पानांनंतर रहस्य विरते आणि हाती केवळ प्रवासवर्णन उरते, अशी त्यांची तक्रार आहे. वर्णन कापून टाकावे काय, असे आपण विचारता.

रहस्यकथा लिहिण्यात आणि इतरांच्या रहस्यकथा संपादित करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या आधारावर माझे स्पष्ट मत असे की वर्णन कापू नये. ते कापले तर कादंबरी आखूड होईल, पण तिच्यात रहस्य वाढणार नाही. अडचण वर्णनाच्या लांबीत नाही. ते तपासापासून अलग राहिले आहे, ही खरी अडचण आहे. आपली नायिका सकाळी शहर पाहते आणि दुपारी मामाचा शोध घेते, आणि या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध येत नाही. प्रवासलेखिकेला नायिका करण्याचा सर्वांत मोठा लाभ मात्र नेमका येथेच आहे. पुरावा लपवायला प्रवासवर्णनासारखी दुसरी जागा नाही. रहस्यकथेचा सराईत वाचक संवादातील अडखळणे, टेबलावर विसरलेली चिठ्ठी, साक्षीदाराने बदललेली वेळ हे सारे टिपून ठेवत असतो. पण एखादी जुनी ट्राम कोणत्या चढावरून जाते आणि एखादी इमारत कोणत्या साली बंद पडली, हे वाक्य तो माहिती किंवा सौंदर्य म्हणून वाचतो आणि पुढे सरकतो. त्याची ही बेसावध अवस्था आपल्याला आयती मिळालेली आहे आणि हस्तलिखितात ती आपण अजून वापरलेली नाही.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ते आपल्या कथानकात जसेच्या तसे बसण्यासारखे आहे. लिस्बनच्या पूर्वेकडील आल्तो द सांव जुआंव या दफनभूमीत पोर्तुगालमधील पहिले दहनगृह १९२५ मध्ये सुरू झाले. १९३६ मध्ये ते बंद करण्यात आले आणि १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाले. आपली नायिका वृत्तपत्रासाठी लेखमाला लिहिते असे आपण दाखवले आहे. त्या लेखमालेतील एखाद्या सुरुवातीच्या लेखात, युरोपातील मृत्यूच्या रीतिरिवाजांविषयी लिहिताना, तिने हे तिन्ही सनावळीचे आकडे सहज नोंदवावेत. मराठी वाचकाला त्यात कुतूहल वाटेल आणि तो पान उलटेल. पुढे पन्नास-साठ पानांनी ती स्वतः त्या दहनगृहाच्या कार्यालयात जाते, मामाचे नाव विचारते, नोंद सापडत नाही आणि तिला हायसे वाटते. आमच्या घरातला माणूस येथे मेला असता तर त्याचे दहनच झाले असते, नोंद नाही, अर्थात तो जिवंत आहे, असे ती आईला दूरध्वनीवर सांगते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. १९३६ ते १९८५ या काळात या शहरात मेलेल्या हिंदू माणसाचेही दहन तेथे होऊ शकत नव्हते, त्याचे दफनच करावे लागले असते. म्हणजे मामा १९८५ पूर्वी वारला असेल तर त्या नोंदवहीत त्याचे नाव नसणे स्वाभाविक आहे. हे कळण्यासाठी जे लागते ते सारे वाचकाच्या हाती आधीच दिलेले आहे, आणि तेही नायिकेच्याच शब्दांत. ज्याच्या लक्षात येईल तो वाचक तिच्या पुढे जाईल. ज्याच्या येणार नाही त्याला नंतर फसवल्यासारखे वाटणार नाही.

या युक्तीचे मोल केवळ चातुर्यात नाही. लेख लिहिताना ती प्रवासलेखिका होती, म्हणून सनावळी तिच्या ध्यानात होती. नोंदवही चाळताना ती भाची आहे, म्हणून ती विसरते. एकाच व्यक्तीमधील या दोन भूमिका एकमेकींना कशा आंधळ्या करतात, हा आपल्या कादंबरीचा गाभा होऊ शकतो. माझ्या मते तो झालाच पाहिजे.

आता ट्रामविषयी. लिस्बनवर लिहिणारा प्रत्येक जण अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्रामविषयी लिहितो, आपणही चार पाने लिहिली आहेत आणि ती सुरेख आहेत. मार्तिम मोनिझपासून ग्रासा, आल्फामा, बायशा, शियादो, एश्त्रेला असा तिचा मार्ग आपण रंगवला आहे आणि नायिकेला एश्त्रेलाच्या बागेपाशी उतरवले आहे. बहुतेक प्रवासी तेथे किंवा त्याआधीच उतरतात. ती ट्राम पुढे जाऊन थांबते ती प्राझेरेसच्या दफनभूमीच्या दाराशी. नायिकेला पहिल्या वेळी एश्त्रेलालाच उतरू द्या, कारण तिथवरच 'दृश्य' आहे. दुसऱ्या वेळी तिला शेवटच्या थांब्यापर्यंत जावे लागेल अशी परिस्थिती निर्माण करा. वर्णन तेच, मार्ग तोच, पण पहिल्या फेरीत तिने जे पाहण्यालायक नाही म्हणून सोडले तेथे तपास पुढे सरकतो.

दफनभूमीत गेल्यावर तिला एक गोष्ट कळेल, जी भारतीय वाचकाला अपरिचित असते. पोर्तुगालमध्ये साधी कबर कायमची नसते. कायद्याने ठरवलेली किमान मुदत, जी आज तीन वर्षांची आहे, उलटल्यावर ती उघडता येते. अवशेष बाहेर काढून अस्थिकोनाड्यात हलवले जातात आणि त्या कोनाड्यासाठी पालिकेकडे पैसे भरावे लागतात. आपल्या हस्तलिखितात नायिकेला मामाच्या नावाची संगमरवरी शिळा सापडते आणि तिच्यावर ताजी फुले असतात. ही शिळा काढून टाका. हे दृश्य शेकडो कादंबऱ्यांत येऊन गेले आहे आणि येथे ते वास्तवालाही धरून नाही, कारण परदेशात एकट्याने राहिलेल्या, मागे कोणी नसलेल्या माणसाची शिळा इतकी वर्षे तेथे राहिली नसती. त्याऐवजी तिला एक क्रमांक मिळू द्या आणि त्या क्रमांकाच्या कोनाड्याचे पैसे कोणीतरी अजून भरत आहे एवढे कळू द्या. फुलांतून काहीच निष्पन्न होत नाही. भरलेल्या पैशांतून माणूस निष्पन्न होतो. तो कोण आहे, हा प्रश्न कादंबरीला पुढची साठ पाने ओढून नेईल.

प्रवासलेखकाच्या नजरेविषयी येथे थोडे बोलणे आवश्यक आहे. या लेखनाचा सरावच असा असतो की जे आपल्याकडच्यापेक्षा वेगळे, ते उठून दिसते आणि जे आपल्यासारखेच, ते नोंदले जात नाही. निळ्या नक्षीच्या फरशा, चढउतारांच्या गल्ल्या, फादो गाणाऱ्या बाईची शाल हे सारे नायिकेला दिसते. लपून राहिलेला माणूस मात्र कधी उठून दिसणाऱ्या गोष्टीत राहत नाही. तो ज्या इमारतीत राहतो ती कोणत्याही उपनगरात असावी अशी चौकोनी, फिक्या रंगाची, खाली औषधाचे दुकान असलेली असणार. मार्तिम मोनिझच्या भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी दुकानांत नायिका जाते तेव्हा तिला सारे ओळखीचे वाटते आणि म्हणून ती त्यावर ओळही लिहीत नाही. त्या न लिहिलेल्या दुकानातच मामाला ओळखणारा माणूस असला, तर वाचकाला शेवटी लक्षात येईल की तिने काय वगळले हे पाहायला हवे होते. निवेदनात वगळलेली गोष्ट पुरावा म्हणून वापरणे अवघड आहे, परंतु ते करता येते. दुकानाचा उल्लेख अर्ध्या वाक्यात यावा, एखाद्या सामानाच्या यादीत यावा, खर्चाच्या हिशेबात यावा. लेखात मात्र येऊ नये.

त्यानंतर कागदपत्रे. आपल्या नायिकेला लिस्बनमधील एक दयाळू अधिकारी मामाचा पत्ता काढून देतो. रहस्य विरते ते याच पानावर. शोध हा अडथळ्यांनी बनतो आणि त्या देशाच्या दप्तराची रीत हाच सर्वांत विश्वासार्ह अडथळा असतो, कारण तो लेखकाने सोयीसाठी उभा केलेला नसतो. पोर्तुगीज नोंदणीची एक पद्धत आपण नीट समजून घ्यावी. तेथे व्यक्तीच्या जन्मनोंदीच्या समासात पुढच्या आयुष्यातील घटनांचे शेरे लिहिले जातात: विवाह, घटस्फोट, मृत्यू. ज्याच्या हाती जन्मनोंदीचा पूर्ण उतारा आला त्याच्या हाती त्या माणसाच्या आयुष्याचा सांगाडा आला. गोव्यातही पोर्तुगीज काळात हिंदूंच्या जन्माच्या नोंदी सरकारी पुस्तकात होत असत. तेव्हा शोधाची सुरुवात लिस्बनच्या विमानतळावर न होता फोंड्याच्या नोंदणी कार्यालयात व्हावी. तेथील पुस्तकात शंकरचे नाव आहे आणि समास कोरा आहे.

पण हा कोरेपणा काही सिद्ध करत नाही, कारण डिसेंबर १९६१ नंतर लिस्बनमध्ये घडलेल्या गोष्टीचा शेरा फोंड्याच्या पुस्तकात यावा कसा? ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्यानंतर गोव्यात जन्मलेल्या ज्या माणसांना पोर्तुगीज नागरिकत्व राखायचे होते त्यांना आपली जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यावी लागे. गोव्यातील कित्येक कुटुंबांना ही प्रक्रिया आजही चांगली ठाऊक आहे. म्हणजे एकाच माणसाच्या जन्माच्या दोन नोंदी असू शकतात, एक फोंड्यात आणि एक लिस्बनमध्ये, आणि दुसरीचा समास वेगळे काही सांगत असतो. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्या दुसऱ्या नोंदीची तारीख. तिच्यावर १९७६ किंवा १९७७ साल असेल, तर पत्रे थांबल्यानंतरही शंकर जिवंत होता, कार्यालयात स्वतः गेला होता, अर्ज भरला होता आणि त्याने आपले नागरिकत्व विचारपूर्वक निवडले होते, हे एका ओळीत सिद्ध होते. घरच्यांना पत्र लिहायला त्याला सवड नव्हती, असे मग कोणाला म्हणता येणार नाही.

ती नोंद सापडायलाही वेळ लागू द्या. पोर्तुगीज जुन्या सूच्या बहुधा आडनावावर न लावता पहिल्या नावावर लावलेल्या असतात आणि गोव्यातील हिंदू नावे पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेली असतात. शंकर तेथे 'एक्स' या अक्षराखाली निघतो, केशव 'क्यू'खाली. पुण्याच्या शाळेत शिकलेली नायिका 'एस'खाली शोधत राहील आणि तिला मदत करणारा एखादा वृद्ध गोवेकर पाच मिनिटांत पुस्तक काढून देईल. लिस्बनमध्ये गोव्याच्या लोकांची 'काझा द गोवा' नावाची संस्था आहे. अशी माणसे तेथे भेटणे अगदी सहज आहे. हा प्रसंग दोन पानांपेक्षा लांबवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, जो आपल्या कथानकात दडलेला आहे आणि आपण त्याला हातच लावलेला नाही. पत्रे १९७४ मध्ये का थांबली? १९५५ पासून भारत आणि पोर्तुगाल यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. त्या सगळ्या अवघड काळात शंकर लंडनमार्गे का होईना पत्र पाठवत राहिला आणि ज्या वर्षी दारे उघडली, येणेजाणे शक्य झाले, त्याच वर्षी गप्प झाला. साधारण वाचक म्हणेल की त्या वर्षी पोर्तुगालमध्ये झालेल्या क्रांतीच्या धामधुमीत तो कुठे हरवला असेल. रहस्यकथेच्या लेखकाने उलट विचार करायला हवा: संबंध तुटलेले असणे हेच त्याला सोयीचे होते. घरी न जाण्याचे कारण सरकारने त्याला पुरवले होते आणि १९७४ ने ते काढून घेतले. ही कल्पना पक्की झाली की मामाचे सारे आयुष्य तिच्याभोवती आपोआप जुळू लागेल.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सैनिकांनी हुकूमशाही उलथवली. त्या राजवटीची गुप्त पोलीस यंत्रणा 'पिडे' या नावाने १९४५ पासून काम करत होती. १९६९ मध्ये तिचे नाव बदलले, काम बदलले नाही. तिचे मुख्यालय शियादोमधील आंतोनियो मारिया कार्दोसो रस्त्यावर होते. क्रांतीच्या दिवशी तेथून जमावावर गोळीबार झाला आणि चार माणसे मारली गेली. आपल्या नायिकेने शियादोतील कॉफीगृहात बसून एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. तो रस्ता तेथून चालत दोन-चार मिनिटांवर आहे. यंत्रणा कोसळल्यावर तिचे अधिकारी पकडले गेले, तिचे कागद बाहेर आले आणि तिला माहिती पुरवणाऱ्या सामान्य माणसांना शेजाऱ्यांची भीती वाटू लागली. ते कागद आज तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि १९९४ पासून वाचकांना पाहता येतात. अर्थात सगळेच जसेच्या तसे हाती येत नाही. तिऱ्हाइतांच्या खासगी आयुष्याविषयीचा मजकूर झाकला जाऊ शकतो. रहस्यकथेला याहून उपयुक्त कागद कोणता? पान समोर आहे, अहवाल समोर आहे आणि नाव काळ्या पट्टीखाली आहे.

शंकरचा या यंत्रणेशी संबंध कसा आला असेल? येथे मी एक कल्पना सुचवतो आणि ती कल्पनाच आहे हे आधी सांगतो, कादंबरीत ती इतिहास म्हणून मांडू नये. गोव्याच्या मुक्तिलढ्यातील काही जणांना पोर्तुगालमधील तुरुंगांत ठेवण्यात आले होते. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा पेनीशच्या किल्ल्यात होते. मूळचे सांगलीकडचे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले, पुढे लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात राहिले आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, जानेवारी १९६९ मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी केलेली खटपट महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा बंदिवानाला घरून मराठीत पत्र आले तर ते तपासणार कोण? तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना मराठी वाचणारा माणूस लागला असता. लिस्बनमध्ये शिकणारा, पैशांची चणचण असलेला, फोंड्याचा एक तरुण त्यांना सापडला असे समजा. सुरुवातीला तो केवळ भाषांतर करतो आणि त्याला वाटते की यात कोणाचे काय बिघडते. मग त्याला विचारले जाते की या ओळीचा खरा अर्थ काय, हा उल्लेख कोणाचा. त्याने उत्तर दिले की नाही, एकदा दिले की अनेकदा, हे आपण ठरवा. पण या माणसाला घरी परतणे का अशक्य झाले, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

यात एक पथ्य मी आग्रहाने सांगेन. खऱ्या बंदिवानांना पात्र करू नका आणि शंकरने वाचलेली पत्रे खऱ्या स्वातंत्र्यसैनिकाची आहेत असे सुचवूही नका. त्यांनी भोगले ते खरे आहे; आपल्या कथानकाच्या सोयीसाठी त्यात भर घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. काल्पनिक बंदिवान निर्माण करा, त्याला स्वतःचे गाव, स्वतःची पत्रलेखनाची ढब द्या. खऱ्या व्यक्ती पार्श्वभूमीला, सार्वजनिक नोंदीत जेवढ्या आहेत तेवढ्याच राहाव्यात. खलनायकासाठीही तसेच. कासिमीरो मोंतेरो या पोलीस एजंटाचे नाव गोव्यात अजून तिरस्काराने घेतले जाते. १९६५ मध्ये राजवटीचे विरोधक जनरल उम्बेर्तो देल्गादो यांच्या हत्येत त्याचा हात होता आणि तो शेवटी दक्षिण आफ्रिकेत मरण पावला. असा माणूस गोव्यातून निघून तीन देशांत कसा विरघळतो हे समजण्यासाठी त्याचा इतिहास अवश्य वाचावा, पण शंकरला त्याच्या साच्यात घालू नये. आपला शंकर लहान माणूस आहे आणि त्याचा अपराधही लहान, रोजचा, सही करून पैसे घेण्याचा आहे. मला तो त्यामुळेच अधिक अस्वस्थ करणारा वाटतो.

शोध कोणत्या वर्षी घडतो हे आपण मोघम ठेवले आहे. ते वर्ष १९९८ असावे, असे मी सुचवतो. त्या वर्षी २२ मे ते ३० सप्टेंबर या काळात लिस्बनमध्ये महासागर या विषयावरचे जागतिक प्रदर्शन भरले होते, वास्को द गामाच्या सफरीला पाचशे वर्षे झाली होती, त्याच्या नावाचा लांबलचक पूल नुकताच खुला झाला होता आणि इकडे गोव्यात त्या स्मरणसोहळ्याला विरोध होत होता. मराठी वृत्तपत्राने आपल्या प्रवासलेखिकेला तेथे पाठवण्यास याहून चांगले निमित्त नाही. शंकर तेव्हा साठीच्या आसपास असेल, म्हणजे जिवंत असणे आणि नसणे दोन्ही सारखेच शक्य. गुप्त पोलिसांचे कागद खुले होऊन चारच वर्षे झालेली. मोबाइल बहुतेकांच्या हाती नव्हता, घरी बोलायचे तर टपाल कार्यालयातून किंवा कार्ड घालून फोन करावा लागे, त्यामुळे चुकीची बातमी दुरुस्त व्हायला दिवस लागत. व्हिसावर तेथे फार तर तीन महिने राहता येते, म्हणून मुदतही आपोआप ठरते. ती मुदत संपत आल्याची जाणीव कोणत्याही पाठलागापेक्षा अधिक ताण निर्माण करील.

त्या वर्षाचा आणखी एक लाभ आहे आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. खासगी गुप्तहेर आपली चाहूल लागू देत नाही. प्रवासलेखिका आपण कोठे आहोत, कोणाला भेटलो, उद्या कोठे जाणार हे स्वतःच छापून जाहीर करते. तिचा लेख लिस्बनहून फॅक्सने जातो, पुण्यात छापला जातो आणि त्या वृत्तपत्राचा अंक टपालाने जगभर पोहोचतो. मराठी वाचणारा, घरापासून तुटलेला माणूस परदेशात काय करत असेल? मराठी अंक मागवत असेल. शंकर तिचे लेख वाचतो आहे, काही दिवसांच्या अंतराने तिच्या मागे मागे येतो आहे आणि ती कोठे पोहोचू शकते हे त्याला तिच्याही आधी कळते आहे, असे रचून पाहा. ती शोधते आहे आणि ज्याला शोधते आहे तो तिला वाचतो आहे. कोनाड्याचे पैसे एके दिवशी अचानक भरायचे थांबतात, दुकानदार अचानक मुका होतो, या साऱ्याचे कारण तिचा स्वतःचा पंधरा दिवसांपूर्वीचा लेख असतो. हे तिला कळले की पुढचा लेख ती खोटा लिहील, हेतुपुरस्सर, एका वाचकासाठी. तो खोटा लेख कादंबरीत पूर्ण द्यावा. वाचकाने तोवर तिचे खरे लेख वाचलेले असतील, त्यामुळे कोणत्या वाक्यात ती खोटे बोलते आहे हे शोधण्याचा आनंद त्याला मिळेल. आपल्या वर्णनशैलीचा खरा कस तेथे लागेल.

हे रचताना मामा जिवंत आहे हे गृहीत धरावे लागते, आणि मग त्या कोनाड्यात कोणाच्या अस्थी आहेत हा प्रश्न उरतो. मी तेथे त्या काल्पनिक बंदिवानाला ठेवले असते. शिक्षा संपल्यावर आजारी, परतण्याची ताकद नसलेला तो माणूस १९८५ पूर्वी लिस्बनमध्येच वारला आणि ज्याने त्याची पत्रे वाचली होती त्यानेच, स्वतःच्या नावाने कोनाडा घेऊन, त्याच्या अस्थी ठेवल्या. तेव्हा नोंदीत नाव शंकरचे आहे आणि मेलेला दुसरा कोणी आहे. दहनगृहाची सनावळी, भरले जाणारे पैसे, मध्यवर्ती कार्यालयातील समासात मृत्यूचा शेरा नसणे, हे सारे धागे मग एका गाठीत येतात. समासात मृत्यूची नोंद नाही हे नायिकेने आधी पाहिलेले असावे, परंतु कार्यालयाची दिरंगाई म्हणून दुर्लक्षिलेले असावे.

शेवटच्या भेटीविषयी आपण विशेष विचारले आहे. शोधल्या जाणाऱ्या माणसाला स्वतःची इच्छा असते, हे परदेशातील शोधाच्या कथा बहुधा विसरतात. १८७१ मध्ये हेन्री स्टॅनली हा वार्ताहर न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या खर्चाने आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन यांना शोधत टांगानिका सरोवराकाठच्या उजीजी येथे पोहोचला. जगाच्या दृष्टीने हरवलेला माणूस सापडला होता. लिव्हिंगस्टन मात्र त्याच्याबरोबर परत गेले नाहीत. त्यांनी औषधे आणि सामान घेतले, आपले काम पुढे चालू ठेवले आणि १८७३ मध्ये आफ्रिकेतच देह ठेवला. त्या भेटीच्या प्रसंगाची पाने स्टॅनलीच्या रोजनिशीतून फाडलेली आहेत, त्यामुळे त्याने त्या वेळी उच्चारलेले म्हणून प्रसिद्ध झालेले वाक्य खरोखर उच्चारले गेले की नाही, यावर अजून शंका घेतली जाते. आपल्याला या एका घटनेतून दोन गोष्टी मिळतात: सापडलेला माणूस नकार देऊ शकतो आणि शोधणारा लेखक त्या भेटीचे वर्णन बदलू शकतो.

म्हणून शंकरला पश्चात्तापाचे लांब भाषण देऊ नका आणि मामा-भाची रडून एकमेकांच्या गळ्यात पडतात तो प्रसंग काढून टाका. फोंड्याकडच्या त्या पिढीतील माणूस बहिणीच्या मुलीशी कसे बोलेल, याचा विचार करा. तो तिला आधी जेवलीस का विचारील, मग आईची तब्येत, मग घराच्या मागच्या पोफळी अजून आहेत का. ती काय शोधायला आली आहे हे त्याला तिच्या लेखांतून पूर्ण ठाऊक आहे, तेव्हा कबुलीजबाबाची गरज राहत नाही. त्याने तिच्यापुढे एकच मागणी ठेवावी: हे छापू नकोस. आणि आईला काय सांगायचे तेही तूच ठरव. आता नायिकेपुढे लेखिकेचा प्रश्न आहे, भाचीचाही, आणि कादंबरीत पहिल्यांदा हे दोन प्रश्न एकाच वाक्यात आलेले आहेत. ती काय निवडते ते शेवटच्या लेखातून कळावे; तो लेख वाचणाऱ्या पुण्यातील आईला त्यातील एका वगळलेल्या गोष्टीवरून सारे उमगावे, इतका सराव तोवर आपल्या वाचकालाही झालेला असेल.

कामाचा क्रम म्हणाल तर आधी नायिकेचे सर्व लेख कादंबरीपासून वेगळे काढून, तारखा घालून, सलग लिहून काढा. ते छापील लेख म्हणून स्वतंत्रपणे वाचनीय झाले पाहिजेत. त्यानंतर प्रत्येक लेखाच्या समोर त्या दिवशी प्रत्यक्षात काय घडले ते लिहा. जेथे दोन्ही तंतोतंत जुळतात तेथील वर्णन खुशाल कमी करा, आणि जेथे लेख व घटना यांत फट पडते तेथे ते वाढवा. ट्रामची चार पाने मला वाटते सात होतील.